गप्प बसणाऱ्यांचा होकार

आमच्या मंगळवारच्या ध्यानमंडळात गेल्या वर्षी भांडण झालं. भांडण म्हणजे तुम्ही समजताय तसं नाही. कुणाचा आवाज चढला नाही, कुणी खुर्ची सरकवून उठलं नाही. बोलण्याआधी प्रत्येकाने हात जोडले, बोलून झाल्यावर पुन्हा जोडले, आणि मधून मधून एक बाई वाडग्याच्या आकाराची पितळी घंटा वाजवत होत्या. पुण्यात आमच्या बाबांच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत पाण्याच्या टाकीवरून जे रामायण व्हायचं, त्यापुढे हे अगदीच सात्त्विक. फरक इतकाच, की सोसायटीतली मंडळी दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटायची आणि चौथ्या दिवशी एकमेकांकडे चहा प्यायची. आमच्याकडची अकरा माणसं त्या संध्याकाळनंतर परत आली नाहीत.

मी त्या मंडळाचा खजिनदार. म्हणजे एक्सेलमध्ये हिशेब ठेवणारा. मला कुणी निवडून दिलं नव्हतं. "तू इंजिनियर आहेस ना, मग तुला जमेल" या न्यायाने काम गळ्यात पडलं. भारतीय माणसाला दोन गोष्टी जन्मजात येतात असं इथे गृहीत धरलेलं असतं, आकडेमोड आणि ध्यान. पहिली थोडीफार येते.

पहिल्यापासून सांगतो. २००९ च्या मंदीत माझ्या कंपनीने आमची निम्मी टीम घरी पाठवली. मी वाचलो, पण झोप गेली. रात्री तीनला उठून छताकडे बघत बसायचं. शेवटी एका सहकाऱ्याने मला त्याच्या शेजारच्या बाईंच्या गॅरेजमध्ये नेलं. सात माणसं, सात उशा, एका कोपऱ्यात गवत कापायचं यंत्र. चाळीस मिनिटं श्वासाकडे लक्ष देत बसायचं आणि मग चहा. कॅलिफोर्नियात याला माइंडफुलनेस म्हणतात. मूळ शब्द पालीतला, 'सति', म्हणजे आपली स्मृती. बुद्धाचं नाव निघायचं, पण जपून, कुणाला धर्म चिकटवल्यासारखं वाटू नये म्हणून. दाराशी वेताची एक टोपली असायची, तिला मात्र सगळे 'दाना' म्हणायचे, शेवटचा आकार चांगला लांबवून. ज्याला वाटेल त्याने वाटेल तेवढं टाकावं. सात माणसांना नियम कशाला हवेत? पुढच्या मंगळवारी दूध कोण आणणार एवढाच काय तो कारभार.

२०१५ पर्यंत आम्ही चाळीस झालो आणि एका चर्चचा हॉल भाड्याने घेतला. २०२० च्या मार्चमध्ये हॉल बंद झाला, सगळं झूमवर गेलं, आणि बघता बघता पडद्यावर दीडशे चौकोन दिसायला लागले. नागपूरहून एक काकू यायच्या. त्यांची बुधवारची सकाळ असायची, आणि आमच्या गाढ शांततेत त्यांच्या कुकरची शिट्टी व्हायची. (मला त्या शिट्टीने जितकं शांत वाटायचं तितकं घंटेने कधी वाटलं नाही, पण ते असो.) करोना ओसरल्यावर पुन्हा हॉलमध्ये जमायला लागलो तेव्हा ऐंशी-नव्वद माणसं होती. वेताची टोपली जाऊन ऑनलाइन देणग्या आल्या होत्या, आणि बँकेत साठ हजार डॉलरच्या आसपास शिल्लक होती.

आणि निर्णय कोण घेत होतं? गॅरेजमधल्या सातांपैकी उरलेले तिघं. ही वाईट माणसं मुळीच नाहीत. आई आजारी असल्याचा फोन आला तेव्हा त्यातल्याच एकीने मला रात्री दोन वाजता विमानतळावर सोडलं होतं. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे मी जे केलं, किंवा केलं नाही, त्याचा याच्याशी संबंध आहे.

तिघांनी ठरवलं की आता स्वतःची जागा हवी. पाच वर्षांचा भाडेकरार, आणि पगारावर एक पूर्णवेळ शिक्षक. सगळ्यांना ईमेल गेली, शनिवारी सकाळी नऊ वाजता सभा ठरली. तीसेक जण आलो. जागेचे फोटो दाखवले गेले. मग एकाने विचारलं, कुणाच्या मनात काही आहे का? या प्रश्नासोबत आपण थोडं शांत बसू. घंटा. दोन मिनिटं. घंटा. मग तो हसून म्हणाला, मला वाटतं आपलं एकमत आहे. सगळ्यांनी हात जोडले.

माझ्या मांडीवरच्या लॅपटॉपमध्ये आकडा तयार होता. भाडं आणि पगार धरला तर शिल्लक चौदा महिन्यांत संपत होती. मी तोंड उघडलं नाही. त्या शांततेत बोलणं मला देवळात आरती चालू असताना शिंकण्यासारखं वाटलं. आणि विमानतळाची ती रात्रही आठवली.

तीन आठवड्यांनी एक बाई उभ्या राहिल्या. इस्पितळात रात्रपाळीच्या नर्स. दहा वर्षं मंगळवारचा चहा त्याच करत होत्या, आलं त्या घरून किसून आणायच्या. शनिवारी सकाळी नऊला त्या ड्यूटीवरून येऊन झोपलेल्या असतात. त्यांचा प्रश्न चार शब्दांचा होता: मला कधी विचारलं होतं? उत्तर काय मिळालं असेल? तुमच्या मनात आत्ता जो राग उठतोय, त्याच्याकडे सजगतेने बघा.

मंडळी, हे वाक्य मी कॉर्पोरेटमध्ये पंचवीस वर्षं काढूनही इतक्या गुळगुळीत रूपात ऐकलं नव्हतं. मॅनेजरने "तुझा अ‍ॅटिट्यूड बघ" म्हटलं की निदान भांडता येतं. इथे हिशेबाचा प्रश्न विचारणाऱ्यालाच त्याचा श्वास तपासायला सांगितलं, आणि तेही मायेने. ज्या साधनेने माझी झोप परत दिली, तीच कुणाचं तोंड बंद करायला वापरता येते, हे मला तोवर दिसलं नव्हतं. त्याच संध्याकाळी अकरा जण गेले, त्यात त्या होत्या.

डिसेंबरात पुण्याला गेलो तेव्हा बाबांच्या कपाटात धर्मानंद कोसंबींचं 'बौद्ध संघाचा परिचय' सापडलं. कोसंबी गोव्यातल्या सांखवाळचे. बुद्धाचा शोध घेत नेपाळ, सिंहल, ब्रह्मदेश पायाखाली घातले आणि १९१० मध्ये 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी थेट हार्वर्डला पोचले. अमेरिकेत येऊन बौद्ध ग्रंथांवर काम करणारा मराठी माणूस, तोही एच-वन नसलेल्या काळात! ते पुस्तक, आणि मग त्या नादाने विनयपिटकाची भाषांतरं, असं वाचत गेलो. माझी समजूत अशी होती, की बुद्धाचा संघ म्हणजे झाडाखाली बसलेले शांत भिक्षू. निघाला तो सभाशास्त्राचा पक्का वर्ग.

संघाचं कोणतंही काम करायचं तर आधी सीमा आखायची. त्या सीमेच्या आत जेवढे भिक्षू आहेत ते सगळे हजर हवेत. आजारी असेल त्याने आपली संमती दुसऱ्याबरोबर पाठवायची. तेही जमत नसेल तर त्याला खाटेसकट उचलून आणायचं, आणि हलवल्याने दुखणं वाढणार असेल तर संघाने उठून त्याच्याकडे जायचं. पण अपुऱ्या संघाने काम उरकायचं नाही. हे वाचलं आणि मला शनिवारी सकाळी नऊला झोपलेली ती नर्स आठवली. अडीच हजार वर्षांपूर्वी खाट उचलत होते हो! आम्हाला सभेची वेळ बदलता आली नाही.

पुढची गोष्ट याहून बोचणारी. ठराव मांडण्याला 'ञत्ति' म्हणतात. साध्या कामांना ठराव मांडून एकदा विचारायचं. भिक्षूला दीक्षा देण्यासारख्या मोठ्या कामांना ठराव मांडून तीनदा विचारायचं, दर वेळी तोच ठराव पूर्ण शब्दांत. ज्याला मान्य असेल त्याने गप्प राहावं, नसेल त्याने बोलावं. तिसऱ्यांदाही कुणी बोललं नाही, तर मंजूर. म्हणजे तिथेही गप्प बसणं हाच होकार होता. आमच्या तिघांनी परंपरा मोडली नाही, अर्धीच उचलली. शांतता घेतली, आणि तिच्या आधीचं सगळं, म्हणजे सगळ्यांना गोळा करणं, ठराव स्पष्ट शब्दांत मांडणं, "नको म्हणायचं असेल तर आत्ता म्हणा" हे तीनदा बजावणं, ते सोडून दिलं. तीनदा विचारण्याचं काम काय, ते मला आता कळतं. पहिल्यांदा माणूस अंदाज घेतो, दुसऱ्यांदा घसा खाकरतो. मला तिसऱ्यांदा विचारलं असतं तर मी बोललो असतो असं वाटतं. खात्री नाही, पण वाटतं.

आणि एकमत नाहीच झालं तर? तर शलाका, म्हणजे मतदानाच्या काड्या. त्या कुणी वाटायच्या याचेही निकष आहेत: जो आवड, द्वेष, भीती आणि मोह यांच्या आहारी जात नाही असा. गुप्त मतदानाचीही सोय होती. वर्षावास संपला की 'पवारणा': प्रत्येक भिक्षूने, सगळ्यात ज्येष्ठ असेल त्यानेसुद्धा, संघापुढे बसून म्हणायचं, माझं काही चुकलेलं कुणी पाहिलं असेल, ऐकलं असेल, नुसती शंका आली असेल, तर सांगा. आमच्या कंपनीत वर्षाअखेरीस अप्रेझल असतं ते फक्त वरून खाली.

डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत नेमकं याच गोष्टीवर बोट ठेवलं होतं. ठराव, गणपूर्ती, गुप्त मतदान हे सगळं भिक्षुसंघांना माहीत होतं, देशाने ती पद्धत एकदा गमावली आणि पुन्हा गमावू शकतो, असा त्यांचा इशारा. शाळेत आम्हाला त्या भाषणाचं नाव सांगितलं होतं, बहुतेक परीक्षेला येईल म्हणून.

आता कुणी म्हणेल, ते भिक्षू होते, तुम्ही मंगळवारी तासभर बसणारे हौशी लोक. ठीक आहे, मग आमच्या गावाजवळचंच उदाहरण घेऊ. १९५९ मध्ये शुन्र्यू सुझुकी हे जपानी भिक्षू सॅन फ्रान्सिस्कोत जपानी वस्तीतल्या एका देवळात आले. त्यांच्याभोवती तरुण अमेरिकन जमले, १९६२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को झेन सेंटर ही संस्था नोंदवली गेली, १९६७ मध्ये टासाहाराच्या डोंगरात मठ सुरू झाला. १९७१ च्या डिसेंबरात सुझुकी कर्करोगाने गेले. त्याआधी जेमतेम दोन आठवडे त्यांनी रिचर्ड बेकर या शिष्याला गादीवर बसवलं होतं. बेकर विलक्षण कर्तबगार. १९७२ मध्ये ग्रीन गल्चचं शेत, मग बेकरी, १९७९ मध्ये ग्रीन्स हे शाकाहारी उपाहारगृह. शिष्य पहाटे ध्यान करायचे आणि दिवसभर या उद्योगांत जुजबी मानधनावर राबायचे. बेकर बीएमडब्ल्यू चालवायचे. बोर्ड होतं, सभा होत होत्या. पण गुरूपुढे 'नाही' कोण म्हणणार? १९८३ मध्ये एका विवाहित शिष्येशी असलेले त्यांचे संबंध उघड झाले आणि सगळं एकदम फुटलं. मायकेल डाउनिंग यांनी २००१ मध्ये यावर पुस्तक लिहिलं. ते वाचताना मला जाणवलं की लोकांचा संताप त्या एका प्रकरणापुरता नव्हता. इतकी वर्षं आपण काही विचारलंच नाही, याचा राग जास्त होता, आणि तो स्वतःवरही होता. बेकर यांनी राजीनामा दिला.

ती संस्था बुडाली नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. आज तिथे मठाधिपतीपदाला मुदत असते, एका वेळी एकाहून जास्त अधिपती असतात, आणि तक्रार कुठे करायची, ती कोण हाताळणार, हे लिहून ठेवलेलं आहे. ग्रीन गल्चला मी अधूनमधून रविवारच्या प्रवचनाला जातो. समुद्रावरून धुकं येतं, पाव सुंदर मिळतो, आणि नियमांमुळे तिथल्या शांततेला कुठे ओरखडा गेलेला दिसत नाही.

व्हिएतनामी भिक्षू थिक न्यात हान्ह यांनी १९८२ मध्ये फ्रान्समध्ये सुरू केलेलं प्लम व्हिलेज हे दुसरं उदाहरण. २०१४ मध्ये त्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला, वाचा गेली, २२ जानेवारी २०२२ रोजी ते वारले. त्यांनी एकच एक वारस नेमला नाही. निर्णय भिक्षू-भिक्षुणींनी मिळून घ्यायचे, अशी घडी आधीच बसवली होती. गुरू बोलू शकत नसताना सात वर्षं मठ चालत राहिले. याउलट २०१८ मध्ये शंभाला या मोठ्या संघटनेत प्रमुखावर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप झाले, तेव्हा त्याला बाजूला व्हावं लागलं आणि पाठोपाठ अख्ख्या कारभारी मंडळाने राजीनामे दिले.

माझा एक मित्र या सगळ्यावर वैतागतो. त्याचं म्हणणं, दिवसभर ऑफिसात मीटिंगा करून मी इथे शांत बसायला येतो, इथेही अजेंडा आणि मिनिट्स आणणार असाल तर मी घरी बसतो. आणि मतदान आलं की हरणारे-जिंकणारे आले, गट आले. त्याचं अगदीच खोटं नाही. इथल्या मराठी मंडळांच्या निवडणुका ज्यांनी पाहिल्यात त्यांना एका गावात दोन गणपती का बसतात हे माहीत आहे. बुद्धाच्या हयातीत कोसंबीच्या भिक्षूंचं भांडण शौचालयातल्या भांड्यात पाणी शिल्लक ठेवण्यावरून पेटलं, इतकं की बुद्ध स्वतः कंटाळून अरण्यात निघून गेला. सगळे नियम असताना! शेवटी गावकऱ्यांनी भिक्षा बंद केली तेव्हा भिक्षू ताळ्यावर आले. गावकऱ्यांना संघात मत नव्हतं, भिक्षुणींना भिक्षूंच्या खालचं स्थान होतं, तेव्हा त्या पद्धतीची आरती ओवाळायचं कारण नाही.

पण मित्राला मी एवढंच विचारतो: नियम नव्हते तेव्हा सत्ता नव्हती का? अमेरिकन स्त्रीवादी लेखिका जो फ्रीमन यांनी १९७० च्या सुमारास स्त्रीमुक्तीच्या गटांबद्दल हेच मांडलं होतं. रचना नाही म्हणणाऱ्या गटातही रचना असतेच, फक्त ती ओळखीपाळखीवर चालते आणि म्हणून तिला जाब विचारता येत नाही. आमच्या तिघांना कुणी नेमलं नव्हतं, म्हणून त्यांना कुणी बदलूही शकत नव्हतं. त्यात इथल्या कायद्याची एक गंमत आहे. नॉन-प्रॉफिट संस्थेत तुम्ही देणगी देता, ईमेल यादीत असता, 'मेंबर' म्हणवता, पण उपविधीत तसं लिहिलं नसेल तर तुम्हाला मताचा अधिकारच नसतो. बोर्डच पुढचं बोर्ड निवडतं. बाबांच्या सोसायटीत तळमजल्यावरच्या कुरबुऱ्या आजोबांनाही एक मत होतं आणि सभेची नोटीस चौदा दिवस आधी मिळायची. ध्यानाने उजळलेल्या कॅलिफोर्नियात ते नव्हतं.

माझं मत आता पक्कं झालंय. शिकवणाऱ्याच्या हातात चेकबुक नसावं. पदाला मुदत असावी, चांगल्या माणसाच्या पदाला तर जास्तच, कारण त्याला हलवायला आपली जीभ रेटत नाही. तक्रार ऐकणारा माणूस बोर्डाबाहेरचा असावा. हिशेब चपलांच्या कप्प्यांवर, सगळ्यांना दिसेल असा टांगावा. आणि कारभाराच्या सभेत ध्यानाची घंटा वाजवू नये. हे शेवटचं तिघांपैकी एकाला फार लागलं. मीही माघार घेतली नाही.

भाडेकरार मोडता आला नाही. पगारी शिक्षकाचं मात्र थांबलं, कारण जानेवारीत मी परत पुण्याहून आल्यावर तो चौदा महिन्यांचा आकडा सगळ्यांना पाठवला, आणि सोबत तो मला कधीपासून माहीत होता तेही लिहिलं. दोन जणांनी उत्तर दिलं नाही. विमानतळावर सोडणाऱ्या बाईंनी दिलं. "तेव्हाच का नाही सांगितलंस?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि आमचं बोलणं अजून पूर्वीसारखं झालेलं नाही.

मार्चमध्ये उपविधी मंजुरीला आल्या. दोन सभा घेतल्या, एक शनिवारी सकाळी, एक मंगळवारी संध्याकाळी, आणि ज्यांना येणं शक्य नव्हतं त्यांच्याकडून लेखी मत मागवलं. ठराव मी वाचला. तीनदा. दुसऱ्यांदा वाचताना लोक हसायला लागले, मलाही जरा तमाशा केल्यासारखं वाटलं. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर मागून एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हात वर केला. निवृत्त पोस्टमन, सहा वर्षांत मी त्यांचा आवाज ऐकला नव्हता. म्हणाले, झूमवरच्या लोकांना मत आहे की नाही ते यात कुठेच नाही. खरंच नव्हतं. ठराव एक महिना पुढे गेला, कलम घातलं, आणि नागपूरच्या काकूंनी एप्रिलमध्ये बुधवारी सकाळी रीतसर 'हो' म्हटलं.

नर्सबाईंना मी फोन केला होता. माफी मागितली. त्या बराच वेळ ऐकत होत्या, मग म्हणाल्या, बघते. फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं की चहा आता कोण करतं. मी म्हटलं, पाळीपाळीने, कागद भिंतीवर लावलाय. आलं कुणी घालत नाही.